जैसलमेरला नेमकं कधी जावं?

कोथरूडकर: आई-बाबा सत्तरीचे, मुलगी आठ वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत जमेल, की जानेवारी बरा?

वाटसरू: दिवाळी ऑक्टोबरात असली तर दुपारी पारा पस्तिशीच्या आसपास असतो, किल्ल्याचा चढ आई-बाबांना जड जाईल. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य उत्तम. जोधपूरपर्यंत रेल्वे, पुढे गाडीने पाचेक तास.

पेठकर: जानेवारीत रात्री ५-७ अंश. सम गावच्या वाळूत (शहरापासून ४० किमी) तंबूत राहणार असाल तर पुण्याचा स्वेटर पुरत नाही. थर्मल, कानटोपी घ्याच. नाताळ ते १ जानेवारी दर अवाच्या सवा, टाळा.

वाटसरू: जैसलमेरचा मरू (वाळवंट) महोत्सव माघी पौर्णिमेच्या सुमारास असतो. तारे बघायचे तर मात्र अमावस्या गाठा. आणि वाळूसाठी समपेक्षा खुरी गावाला गर्दी कमी.