आयर्विनला 40 फूट म्हणजे आमच्या दारात किती?

लातूरचा_पाहुणा:
मंडळी, आम्ही मे महिन्यात बदली होऊन सांगलीत आलोय, कर्नाळ रोडच्या एका गल्लीत तळमजल्यावर भाड्यानं. काल सकाळी महापालिकेची गाडी भोंगा लावून फिरत होती, कोयनेतून विसर्ग वाढवलाय, नदीकाठच्यांनी सतर्क राहावं, एवढंच नीट ऐकू आलं. ग्रुपवर इशारा पातळी 40, धोका पातळी 45 असं फिरतंय. आमच्याकडं टँकरची वाट बघायची सवय, हे असलं कधी बघितलं नाय. नेमकं किती फुटाला सामान उचलायचं? घरमालक म्हणतात काय होत नाय.

गावभागकर:
दादा, ते 40 फूट म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णा नदीची पातळी, तुमच्या दारातलं पाणी नव्हे. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटवाले 40 च्या आसपासच बाहेर पडायला लागतात आणि आम्ही गावभागात तेव्हा निवांत चहा पीत असतो. 2019 ला मात्र 57 च्या वर गेलं, तेव्हा आमचापण चहा गेला. तुमच्या गल्लीचा आकडा वेगळा असणार, तो नोटिशीत मिळायचा नाय, जुन्या शेजाऱ्यांना विचारा. घरमालकाला नको, त्याला भाडं पायजे.

हरिपूर_रोड:
नुसतं कोयनेचं क्युसेक बघून घाबरू नका आणि नुसतं त्यावर निर्धास्तपण राहू नका. कोयना कराडला कृष्णेत मिळते, तिथनं सांगलीला पाणी यायला वेळ लागतो, तेवढ्यात आवराआवर होते. पण खाली हरिपूरला वारणा मिळते, ती फुगली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाय, मग विसर्ग कमी केला तरी इथं पातळी उतरत नाय. आणि पाणी नदीकडनं चालत येईल म्हणून रस्त्याकडं बघत बसू नका, आधी गटार उलटं वाहतं, न्हाणीघराच्या मोरीतनं बुडबुडे आले की समजायचं.

सांगलीची_ताई:
भाऊ, पाणी दारात यायच्या आधीच मेन स्विच बंद करा. सिलेंडरचा रेग्युलेटर काढून सिलेंडर वर कुणाकडं तरी ठेवा. फ्रिज वरच्या मजल्यावर जात असेल तर बघा, आमचा 2019 ला तरंगत दाराला आडवा येऊन बसला, पाणी उतरल्यावर दार उघडंना. कागदपत्रं आणि पोरांची पुस्तकं आधी, सोफा गेला तर गेला. प्यायचं पाणी आत्ताच भरून ठेवा कारण पुरात नळ जातो, सगळीकडं पाणी आणि प्यायला घोटभर नाय अशी गत. नंतर नळ सुरू झाला तरी पयले काही दिवस उकळूनच प्या.

लातूरचा_पाहुणा:
धन्यवाद सगळ्यांना. शेजारच्या आजींना विचारलं, त्या काही न बोलता आमच्याच हॉलमध्ये आल्या आणि खिडकीच्या वर बोट ठेवलं, नव्या रंगाखाली फुगलेली आडवी रेघ स्पष्ट दिसतीय, दोन महिने आम्ही त्याला ओल समजत होतो. आकडापण सांगितला. सिलेंडर आणि पेटी आत्ताच त्यांच्या माडीवर नेऊन ठेवली, फ्रिजला अजून एक माणूस पायजे, कोण जवळ असेल तर या.

गावभागकर:
लोकेशन टाका, येतो.