उन्हाळा न झालेला मे : घाटमाथ्यावरचे अनुभव

मंडळी, यंदाच्या (2025) मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय मस्त गारवा पडलाय, तुमच्याकडे तर स्वर्गच असेल!" त्यांचंही बरोबर आहे. खाली उकाड्यात दिवस काढणाऱ्याला पाऊस हवाच असतो. पण आम्ही डोंगरातली माणसं वर्षाचे चार महिने पावसातच असतो, आणि ते चार महिने निभतात ते एप्रिल-मेच्या उन्हाच्या जिवावर. लाकूडफाटा, वैरण, मसाला, आमसुलं, घरावरची कौलं, सगळं त्या उन्हात उरकायचं असतं. यंदा ते ऊनच मिळालं नाही. आधी वळीव रोजचाच झाला. मग 24 मेला मान्सून केरळात आला, त्याच दिवशी अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी-दापोलीच्या मध्ये किनाऱ्यावर चढलं, आणि 26 तारखेला मान्सून मुंबई-पुण्यातही हजर. मुंबईत तो 11 जूनला अपेक्षित असतो.

टीव्हीवर पाणी तुंबलेले रस्ते दिसले. डोंगरातल्या घरांमध्ये काय झालं ते कुणी दाखवलं नाही, म्हणून हा धागा. सह्याद्री, सातपुडा, कुठल्याही उंचावरच्या गावातले असाल तर लिहा. काय वाळलं नाही, काय गेलं, आणि काही मिळालं असेल तर तेही.

सुरुवात माझ्यापासून. आम्ही महाबळेश्वर तालुक्यातले, घरची स्ट्रॉबेरी. मेमधली शेवटची तोडणी म्हणजे लहान फळ, पण हंगामातलं सगळ्यात गोड. बरंचसं पल्पला जातं, आणि त्या पैशावर पुढच्या हंगामाच्या रोपांची सोय होते. यंदा वाफ्यावर अंथरलेल्या मल्चिंग पेपरवर (प्लास्टिकवर) पाणी साचून राहिलं. फळाची पेपरला टेकलेली बाजू मऊ पडायची, दुसऱ्या दिवशी तिच्यावर राखाडी केसाळ बुरशी, आणि तिच्या शेजारचं फळ तिसऱ्या दिवशी. बायका सकाळी तोडायला जायच्या आणि अर्ध्याहून जास्त माल बांधावरच टाकून यायच्या. दुसरी काळजी मदर प्लांटची, म्हणजे रोपं करण्यासाठी राखलेल्या झाडांची. त्यांचे रनर (जमिनीवर पसरणारे फुटवे) पिशव्यांत धरून सप्टेंबरच्या लागवडीची रोपं करतात. आमच्या वरच्या पावसात ती कुजतात म्हणून पुष्कळ जण नर्सरी खाली वाईच्या बाजूला, कमी पावसात करतात. यंदा तिथेही जमिनीला वाफसा नव्हता, माती काम करण्याइतकी सुकतच नव्हती.

वेण्णा तलावावरच्या घोडेवाल्यांचं, कणीस-गाजरवाल्यांचं वर्षभराचं गणित एप्रिल-मेवर असतं. पॉइंटवर जाऊन पांढऱ्या धुक्याशिवाय काहीच दिसत नाही म्हटल्यावर लोक मुक्काम अर्धवट टाकून निघून गेले. घोड्याला मात्र चंदी रोज लागतेच.

आंबोली (सिंधुदुर्ग)

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे मे म्हणजे रातांबे, ज्याच्या सालांची आमसुलं होतात ते फळ. पिकलेलं फळ फोडायचं, बिया काढायच्या, सालं उन्हात टाकायची. बिया-गराला मीठ लावून जो रस सुटतो त्यात ती सालं पुन्हा बुडवायची आणि पुन्हा उन्हात. अशी तीन-चार पुटं दिली की साल काळंभोर, जाड, चिकट होतं. प्रत्येक पुटाला कडक ऊन हवं. यंदा पहिलं पुट कसंबसं झालं. दुसऱ्या दिवशी आभाळ भरलं, सालं आत घेतली. पंख्याखाली पसरली, तर वास आंबूस. चौथ्या दिवशी कडेला पांढरं दिसायला लागलं. सासूबाईंनी चुलीवरच्या माळ्यावर टाकून बघितली. सुकली, पण धुराचा वास बसला. घरच्या आमटीला चालतील, विकायला नाही.

पुष्कळ रातांबे तर झाडाखालीच सडले, कारण पाऊस लागला की फळ गळतं. जे हाती आलं त्याचं आगळ, म्हणजे खारवलेला रस केला. त्याला ऊन लागत नाही, मीठ लागतं. पण सगळ्यांनीच आगळ केलं, मग भाव कुठून मिळणार?

फणसपोळीचं तर नावच काढू नका. गर पसरलेली ताटं आत-बाहेर करून हात दुखले, शेवटी तो गर गुरांना घातला. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. मुंबईला असलेल्या नणंदांना दर वर्षी पाठवते मी.

आणि हो, धबधबे मेमध्येच सुरू झाले, गाड्याही आल्या. कणसं-चहा विकणाऱ्यांचं चांगलं झालं. ते का नाकारू?

जुन्नरचा पश्चिम भाग

आमच्या महादेव कोळी वस्त्यांना शेतीपेक्षा आधी पैसा देतो तो हिरडा. आठळी धरायच्या आत पाडतात तो बाळहिरडा, औषधाला जातो. पाडायचं काम जोखमीचं, उंच फांदीवर चढून झोडपायचं. खाली बायका-पोरं वेचतात. मग अंगणात, खडकावर पसरायचा. चांगलं ऊन असेल तर आठवड्याच्या आत काळा, सुरकुतलेला, हातात घेऊन हलवला तर खडखड वाजणारा माल तयार. तो आवाज आला की समजायचं, पोत्यात भरायला हरकत नाही.

यंदा आवाज आलाच नाही. वरून काळा दिसे, दाताखाली धरला की आत ओलसर. असं पोतं भरलं तर चार दिवसांत आतून गरम होतं आणि बुरा चढतो. व्यापारी मूठ आत घालून बघतो आणि भाव सांगतो तो ऐकवत नाही. खडकावर पसरलेला हिरडा अचानक आलेल्या सरीत वाहून गेला अशी घरं आमच्या वाडीत आहेत. या पैशावर भाताचं खत आणि पोरांची शाळेची कापडं होतात. भात पडला तर पंचनामा होतो. रानातला माल भिजला तर त्याची नोंद कुठे करायची हेच कुणाला माहीत नसतं. मला या धाग्यात एवढंच ठळक म्हणायचं आहे : डोंगरातलं उन्हाळी उत्पन्न हेही पीक आहे, ते तसं मोजलं गेलं पाहिजे.

महाबळेश्वर तालुका, मधपाळ

धागाकर्त्यांच्याच तालुक्यातला. आमच्या इथलं मांघर 2022 मध्ये राज्यातलं पहिलं मधाचं गाव झालं, त्या बाजूला आमच्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत. जांभूळ, हिरडा फुलतो तोवर मध. एरवी मेच्या मध्यापर्यंत शेवटची काढणी होते आणि पावसाळ्यासाठी पोळ्यात पुरेसा मध ठेवून पेट्या बंद. या वर्षी माशा बाहेरच पडेनात. साठवलेलं त्यांनी मेमध्येच खायला घेतलं, मी काढणी सोडून दिली आणि साखरेचा पाक जूनऐवजी आधीच सुरू केला. थोडा मध काढला होता तो पातळ, पाण्याचं प्रमाण जास्त, असा मध बाटलीत आंबतो. पेट्या जगल्या तर पुढच्या वर्षी मध आहेच.

राजगड तालुका (जुनं वेल्हे)

शेतकरी आहे, भात आणि नाचणी. आमच्याकडे मेच्या शेवटी कोरड्या मातीत भात पेरतात, धूळवाफेची पेरणी. बी मातीत वाट बघत बसतं, पहिला पाऊस आला की सगळं एकदम उगवतं आणि रोप तणाच्या पुढे राहतं. यंदा धूळच नव्हती, तर धूळवाफ कुठली? रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून केलेल्या राबाची राख वाहून गेली, त्या जागेवर आधी गवत उगवलं. जूनच्या सुरुवातीला मान्सून दोन आठवडे अडखळला तेव्हा उघडीप मिळाली आणि माणसं दिवसरात्र रानात होती. तेवढ्या दिवसांत जे रोप टाकलं तेच आता लावणीला येतंय.

घराचं सांगतो. मेमध्ये कौलं उतरवून, फुटकी बदलून शाकारणी करतात, पावसाचा मारा अडवायला पश्चिमेच्या भिंतीला झडी (गवता-झावळ्यांचा आडोसा) बांधतात. कौलं उतरवायची म्हणजे घर उघडं करायचं. ती हिंमत कुणी केली नाही. आमच्या माजघरात आता तीन ठिकाणी भांडी ठेवलीत. पेंढ्याची उडवी वरून झाकली होती, पण पाणी खालून चढलं, तळचा थर काळा पडला. म्हशी हुंगतात आणि तोंड फिरवतात.

सुरगाणा (नाशिक)

माझं जरा वेगळं आहे, रागावू नका. आमच्या डोंगरात पावसाळ्यात धो धो पाऊस आणि मेमध्ये प्यायला पाणी नाही. विहिरीच्या तळाला उतरायचं, झऱ्यापाशी बसायचं, वाटीने हंडा भरायचा. एक हंडा भरला की दुसरीचा नंबर. रात्री दोनला उठून गेलेल्या बायका आहेत आमच्यात. या मेमध्ये झरे फुटले. मी झोपले महिनाभर, नीट झोपले. माझ्या पोरीला सुट्टीत हंडा उचलावा लागला नाही.

आंबे पडले, सासऱ्यांची वैरण भिजली, ते सगळं खरं आहे. तरी मला विचाराल तर असा मे पुन्हा आला तर चालेल. तुमचं नुकसान मोजा, त्यात आमची झोपही मोजा.

धागाकर्ती

ताई, रागावायचं कशाला? यासाठीच धागा काढला. महाबळेश्वरात इतका पाऊस पडूनही खालच्या कितीतरी वाड्यांना एप्रिलमध्ये टँकर लागतो, तुमचं बोलणं आम्हालाही लागू आहे.

गगनबावडा (कोल्हापूर)

थोडक्यात लिहिते. चटणीची मिरची वाळवायची राहिली. ब्याडगी आणि जवारी दोन्ही आणल्या होत्या, देठं काढून ठेवलेल्या. मिरची दोन दिवस जरी दमट राहिली तरी डंकावर कुटताना गोळा होते आणि वर्षभर टिकत नाही. शेवटी तव्यावर थोडी थोडी भाजून घेतली. रंग गेला. कोल्हापूरकरांना रंग गेल्याचं दुःख काय ते कळेल. कुरडयांचा चीक घातलाच नाही.

दिराचं लग्न 22 मेला होतं. मांडवावर ताडपत्री, खाली चिखल, अक्षता ओल्या. पण वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांनी पंगत व्हरांड्यातच बसवली आणि पोरांनी वाढलं, ते मात्र छान झालं.

धडगाव (नंदुरबार)

सातपुड्यातून. मी इथे आरोग्याचं काम करते, घरोघरी जाते, म्हणून जे बघितलं ते लिहिते. इथल्या पावरा-भिल्ल घरांमध्ये उन्हाळ्याचा मोठा आधार आमचूर. कच्ची कैरी सोलायची, चकत्या करायच्या, अंगणात नाहीतर छपरावर वाळवायच्या. आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांच्या बोटांना कैरीच्या रसाने चिरा पडलेल्या असतात, मी मलम देते. इतकं करून चकती पांढरीच राहिली पाहिजे, तिचे चांगले पैसे येतात. एक सर पडली की ती तपकिरी, दोन पडल्या की काळी, आणि काळ्याला जवळजवळ भाव नाही. या वर्षी वाऱ्याने कैरी आधीच खूप पडली होती, म्हणजे काम दुप्पट, आणि वाळवायला ऊन नाही. एका घरात झोपायच्या खोलीत जमिनीवर चकत्या पसरलेल्या, माणसं ओसरीत झोपलेली. बाजारात पोतं नेलं त्या बाई परत आल्या तेव्हा काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

भंडारदरा परिसर

काजव्यांचं लिहायला हवं. मेच्या अखेरीस वळिवाच्या एक-दोन सरी पडल्या की हिरडा, सादडा, बेहड्याची झाडं रात्री लुकलुकायला लागतात, एक झाड एका लयीत. पण त्यांना सर हवी, झोड नको. यंदा काही चांगल्या रात्री मिळाल्या, बाकी पावसात गेल्या. तंबू आणि जेवणाची सोय करणाऱ्या आमच्या पोरांनी आगाऊ घेतलेले पैसे परत केले. येणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वर्षी पावसाने बेत फिसकटला तर पैशांऐवजी तारीख बदलून घ्या, आमच्याकडे राहायला या, काजवे नसले तरी गाव आहे.

आंबोली (सिंधुदुर्ग)

पुन्हा मीच. धडगावच्या ताईंचं वाचून विचारते. आमच्या बचत गटात सोलर ड्रायरचं बोलणं चाललंय. माझी शंका अशी की आभाळ भरलेलं असताना तो कितपत चालतो? लाकडावर गरम हवा देणारे ड्रायरही असतात म्हणे, त्यात धुराचा वास मालाला लागत नाही. रातांब्याची सालं किंवा कैरी कुणी त्यात वाळवली असेल तर एका वेळी किती माल बसतो आणि रंग कसा राहतो, ते लिहा. मार्चच्या आत ठरवायचं आहे.