मदत हवी आहे: भाच्याची दोन यंत्रं, पेटंट कशाचं घ्यावं?

म्हापशेकर_मामा:
नमस्कार मंडळी. मी म्हापशाला राहतो, कळंगुटला स्कूटर भाड्याने देतो, त्या काळ्या पाटीवर पिवळ्या आकड्यांच्या. भाचा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने दोन वस्तू बनवल्यात आणि घरातले सगळे ‘पेटंट घे, पेटंट घे’ म्हणून त्याच्या मागे लागलेत.

पहिली वस्तू माझ्याच धंद्यातली. जुन्या स्कूटरच्या साध्या चावीची नक्कल कोणीही करून देतो, त्यामुळे आजचं गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात गाडी घेऊन जाणार नाही याची खात्री नाही. दुसरं दुखणं हेल्मेटचं. लोक ते शॅकवर विसरून येतात, पोलिसांनी अडवलं की फोन मला. भाच्याने हेल्मेटच्या अस्तरात बिनबॅटरीचा टॅग (कोड साठवलेली चिप) बसवला आणि स्कूटरच्या पुढच्या पॅनेलमागे तो वाचणारी कॉइल. चावी फिरवायची, हेल्मेट पॅनेलला टेकवायचं, कोड जुळला तरच रिले, म्हणजे विजेचा स्विच, जोडला जातो. किकनेही सुरू होऊ नये म्हणून इग्निशनची वायर त्याच रिलेतून नेलीय. एकदा सुरू झालेली गाडी मात्र रिले बंद करत नाही. यावर मी हट्टच धरला होता, चोर्ला घाटाच्या वळणावर इंजिन गेलं तर चोर परवडला म्हणायची पाळी यायची.

दुसरी वस्तू सलाइनचा अलार्म. स्टँडच्या हुकाला लोड सेल, बाटलीचं वजन ठरावीक आकड्याखाली आलं की नर्सच्या टेबलावर दिवा आणि बझर.

विचारायचं असं: एक सल्लागार म्हणतो दोन्ही एकाच अर्जात घालू, पैसे वाचतील. खरं का? पुढच्या महिन्यात कॉलेजात प्रदर्शन आहे, तिथे मांडावं का? आणि अलार्म कॉलेजच्या लॅबमध्ये केलाय, तर तो कोणाचा?

सांत_इनेज:
मामा, सल्लागार बदला. एका पेटंटात एकच शोध बसतो. एकाच कल्पनेतून निघालेल्या गोष्टी एकत्र चालतात, पण हेल्मेट आणि सलाइन यांचं नातं काय? कार्यालय अर्ज तोडायला सांगेल आणि दुसऱ्या अर्जाची फी लागेलच.

प्रदर्शनाआधी अर्ज करा, यात वाद नको. लोकांसमोर मांडलेली गोष्ट नवी राहत नाही. कायद्यात प्रदर्शनाची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांना, तीही १२ महिन्यांपुरती. कॉलेजचा मांडव त्यात येत नाही. तात्पुरतं विवरण, म्हणजे प्रोव्हिजनल, दाखल करा. पूर्ण विवरण द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात, आणि ते दिलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये. गोवा मुंबई पेटंट कार्यालयाखाली येतो, पण सगळं ऑनलाइन होतं, अँटॉप हिलला खेपा घालायची गरज नाही.

खरा खर्च नंतरचा. परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते, व्यक्तीला ४,००० रुपये. आताच्या नियमांप्रमाणे पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांत ती केली नाही तर अर्ज मागे घेतला असं मानतात. लोक इथेच विसरतात. मिळालंच तर पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचं, तेही भारतापुरतं.

आता कटू बोलतो. बिनबॅटरीची चिप आणि कॉइल ही जोडी कारच्या इमोबिलायझरमध्ये (खरी चावी नसेल तर गाडी सुरू होऊ न देणारं यंत्र) कधीची आहे, युरोपात नव्या गाड्यांना तो १९९८ पासून सक्तीचा. हेल्मेट घातल्याशिवाय सुरू न होणाऱ्या दुचाकीचेही ढीगभर अर्ज सापडतील. आपल्या कायद्याचं कलम ३(एफ) म्हणतं, आपापलं जुनं काम आपापल्या परीने करणाऱ्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या तर तो शोध नव्हे. म्हणून परीक्षकाचा पहिला प्रश्न हाच असेल, एकत्र आल्यावर नवीन काय घडलं?

म्हापशेकर_मामा:
सांत इनेजबाब, रोकडं बोललात, बरं वाटलं. एक सांगायचं राहिलं. हेल्मेट परत आलं की दुकानातल्या रीडरवर टेकवतो, त्याच क्षणी टॅगमध्ये नवा कोड लिहिला जातो आणि स्कूटरलाही तोच जातो. म्हणजे चावीची नक्कल असली, अगदी जुन्या टॅगची नक्कल असली, तरी पुढच्या भाड्याला उपयोग शून्य. हे मोजतील का?

सांत_इनेज:
अहो, मग हेच वर लिहायचं होतं! भाडं संपलं की कोड बदलणं हा दाव्याचा, म्हणजे अर्जात ज्यावर हक्क मागतो त्या मजकुराचा, कणा करा, हेल्मेट मागे ठेवा. मात्र ते निव्वळ प्रोग्रॅम म्हणून लिहू नका, कलम ३(के) आडवं येईल. रीडर, टॅग, रिले यांच्यात काय घडतं ते लिहा. गूगल पेटंट्स, एस्पासनेट आणि भारतीय कार्यालयाचं इनपास, पेटंट शोधायच्या या तिन्ही संकेतस्थळांवर भाड्याच्या गाड्या आणि बदलता कोड असं शोधा.

बायोमेड_ताई:
सलाइनबद्दल मी सांगते, रुग्णालयात उपकरणांचंच काम करते. वजन मोजून बझर वाजवण्याचे प्रकल्प दर वर्षी होतात, नुसत्या तेवढ्यावर पेटंटची आशा नको. अडचण दुसरीकडेच आहे. नातेवाईक स्टँडला टेकतात, रुग्ण हात हलवतो, स्टँड ढकलत बाथरूमला नेतात आणि वजन नाचतं. खोटा बझर वारंवार वाजला की तो बंद करून ठेवतात. भाच्याने हा हेलकावा वेगळा काढायची काही युक्ती केली असेल तर पेटंट तिचं.

उपचाराच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट नाही, कलम ३(आय), पण उपकरणाला मिळतं. आणि पेटंट म्हणजे विक्रीचा परवाना नव्हे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. ए आणि बी वर्गाच्या उत्पादनाचं राज्याचा परवाना अधिकारी बघतो, सी आणि डी केंद्राकडे. सलाइनच्या अलार्मचा वर्ग आधी विचारून घ्या, मग साचे बनवायला पैसे घाला.

मालकीचं म्हणाल तर अर्ज करायचा हक्क खऱ्या शोधकाचा, किंवा त्याने लिहून दिलं त्याचा. प्रवेशाच्या वेळी भाच्याने कसल्या कागदावर सही केली, कॉलेजचं बौद्धिक संपदा धोरण आहे का, ते बघा. कॉलेज अर्जदार झालं तरी शोधक म्हणून नाव त्याचंच लागलं पाहिजे.

म्हापशेकर_मामा:
ताई, हेलकाव्याचं त्याला विचारलं. म्हणतो, काही सेकंदांची सरासरी घेतो, एवढंच. म्हणजे अलार्मचा अर्ज आत्ता नको, प्रदर्शनात तोच मांडूया आणि स्कूटर घरीच ठेवूया. बॉक्स बंद ठेवून नुसतं हेल्मेट टेकवून दाखवलं तर?

सांत_इनेज:
नको. अर्ज क्रमांक हातात आल्यावर हवं तसं दाखवा, वर ‘पेटंट पेंडिंग’ लिहा. ‘पेटंटेड’ मात्र लिहू नका, मिळण्याआधी तसं लिहिलं तर दंड आहे.