सल्ला हवा : खपली नाही म्हणून जिला नावं ठेवली जातात ती फेटॉन घ्यावी का?

एल्बकाठ

नमस्कार मंडळी. ड्रेस्डेनला येऊन सहा वर्षं झाली, आतापर्यंत ट्राम आणि सायकलवर भागलं. मे महिन्यात आई-बाबा तीन महिन्यांसाठी येताहेत. आईच्या कमरेचं ऑपरेशन झालंय. तिला लहान गाडीत वाकून बसता येत नाही, धक्केही सोसत नाहीत. म्हणून मोठी, मऊ चालणारी सेडान शोधतोय. बजेट ताणून ताणून दहा हजार युरो.

इथल्या एका निवृत्त शिक्षकांची फोक्सवॅगन फेटॉन पाहून आलो. २००८ ची, तीन लिटर व्ही-सिक्स डिझेल, १,७८,००० किलोमीटर झालेत, दोन मालक. साडेनऊ हजार सांगताहेत. आत बसून दार ओढलं आणि समोरून जाणाऱ्या ट्रामचा आवाज जवळजवळ नाहीसाच झाला. एसी लावला की डॅशबोर्डवरच्या लाकडी पट्ट्या हळूच सरकतात आणि त्यांच्यामागच्या जाळ्या उघड्या पडतात. डिकीच्या बिजागऱ्या इतक्या निगुतीने घडवलेल्या की मी डिकी उगाच तीनदा उघडून पाहिली.

आमचे बाबा पिंपरीत ३१ वर्षं गाड्यांच्या असेंब्ली लाइनवर होते. फोनवर नाव ऐकलं, कुठेतरी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "जी गाडी बाजारात चालली नाही तिच्या वाटेला जाऊ नये. लोकांनी पैसे मोजताना हात आखडला, म्हणजे त्यांना काहीतरी दिसलंच असणार."

बाबांचा शब्द मी सहसा मोडत नाही. म्हणून दोन गोष्टी विचारतो. अशी महागडी गाडी फ्लॉप झाली की नाही हे नुसत्या खपावरून ठरवता येतं का? आणि मी ही घेऊ का?

चाकणकर

बाबांचं ऐका. २००२ पासून मार्च २०१६ पर्यंत फेटॉन बनल्या एकूण ८४,२३५. तिच्याच वर्गातल्या मर्सिडीज एस-क्लासची २००५ ते २०१३ ही एक पिढीच पाच लाखांच्या वर गेली. अमेरिकेत फेटॉन २००४ मध्ये दोन हजारही विकल्या गेल्या नाहीत, २००५ मध्ये हजाराच्याही खाली आल्या, आणि २००६ नंतर तिथून गाशाच गुंडाळला.

मी चाकणला एका पुरवठादाराकडे टूलिंगमध्ये आहे. नवीन डायचं, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याचं, काम आलं की आमचा पहिला प्रश्न असतो, आयुष्यभरात नग किती काढायचे? डायचं पोलाद, प्रेस, माणसं, सगळं त्या आकड्यावर ठरतं. तो आकडा चुकला की गाडी कितीही गुणाची असो, ती पडली.

हिशेबनीस

चाकणकरांच्याच प्रश्नापासून सुरुवात करतो. नग किती काढायचे होते? वर्षाला वीस हजार. १४ वर्षांचे झाले २ लाख ८० हजार. प्रत्यक्षात निघाल्या ८४ हजार, म्हणजे रुपयाला तीस पैसे. त्यातल्या त्यात बरं वर्ष २०११, तेव्हाही अकरा हजारांच्या आसपास. म्हणजे एस-क्लास मध्ये आणायचीही गरज नाही. कंपनीने स्वतः आखलेल्या रेघेपर्यंतही गाडी कधी पोचली नाही. एखादी महाग गाडी वर्षाला दोन हजारच विकायची असं ठरवून बनवली आणि तेवढी विकली, तर ती चाललीच म्हणायची. खप मोजायचा तो या ठरवलेल्या आकड्याशी. तिथे फेटॉन नापास आहे.

आता पुढचा भाग, ज्यात लोक घसरतात. २०१३ मध्ये बर्नस्टाइन रिसर्चच्या विश्लेषकांनी युरोपातल्या सगळ्यात तोट्यातल्या गाड्यांचा अंदाज मांडला होता. त्यात फेटॉनवर नगामागे सुमारे २८ हजार युरो तोटा दाखवला होता. हा आकडा सगळीकडे फिरतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, प्रत्येक गाडी विकताना कंपनीने गिऱ्हाइकाच्या हातावर २८ हजार ठेवले. तसं नसतं. मी सगळी नोकरी कॉस्टिंगमध्ये केली. गाडी विकसित करण्याचा आणि कारखाना उभारण्याचा खर्च एकदाच होतो आणि नंतर तो नगांवर वाटला जातो. नग कमी, तर प्रत्येकाच्या वाट्याला ओझं जास्त.

पण ते ओझं नेमकं कोणत्या नगांवर टाकायचं? फेटॉनचा डी-वन सांगाडा घेऊनच २००३ मध्ये बेंटलीची कॉन्टिनेंटल जीटी आली आणि २००५ मध्ये फ्लाइंग स्पर. त्याआधी बेंटली वर्षाला हजाराच्या आसपास गाड्या विकत होती, २००७ मध्ये दहा हजारांवर गेली. बेंटलीच्या इंग्लंडमधल्या क्रू इथल्या कारखान्याला मागणी पुरी होईना म्हणून फ्लाइंग स्पर काही काळ ड्रेस्डेनलाच जोडली जायची. थोरल्यासाठी घेतलेल्या पुस्तकांवर धाकट्याने पहिला नंबर काढला, तर पुस्तकांचा खर्च कोणाच्या नावे लिहायचा? कंपनीची वही एकच आहे.

माझं मत असं, की फेटॉन या नावाची विक्री पडली यात वाद नाही. फेटॉनवर केलेला खर्च बुडाला असं मात्र मी सही करून देणार नाही.

मुक्ता_स्टुटगार्ट

बाबांचं ते "लोकांना काहीतरी दिसलं असणार" हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते खरंच आहे. फक्त काय दिसलं ते बघायला हवं.

मी गाड्यांच्या एसीवर काम करते. फोक्सवॅगनचे तेव्हाचे प्रमुख फर्डिनांड पिएख यांनी या गाडीसाठी घातलेली अट आमच्या क्षेत्रात अजून सांगितली जाते : बाहेर ५० अंश तापमान, गाडी दिवसभर ताशी ३०० किलोमीटरने पळतेय, आणि आत २२ अंश राहायला हवेत. विकायच्या गाडीचा वेग २५० लाच बांधलेला होता, तरी अट ३०० ची. त्यातही वारा अंगावर झोडपता कामा नये. तुम्ही त्या सरकणाऱ्या पट्ट्या पाहिल्यात ना, त्या याचसाठी. हवा जोरात थंड करायची असेल तरच जाळ्या उघडायच्या, एरवी ती न जाणवता आत झिरपत राहावी. मी रोज ज्याच्याशी झुंजते ते हेच आहे, म्हणून मला या गाडीबद्दल मनापासून आदर आहे.

आता गिऱ्हाइकाच्या जागी उभे राहा. एस-क्लासएवढे पैसे घेऊन तुम्ही शोरूममध्ये जाता, तिथे शेजारी पोलो उभी. गाडी दुरून पसाटसारखी, म्हणजे फोक्सवॅगनच्याच साध्या सेडानसारखी, फक्त मोठी दिसते. टोयोटाने १९८९ मध्ये एलएस ४०० आणली तेव्हा तिच्यावर टोयोटाचं नाव लावलंच नाही, लेक्सस म्हणून वेगळं घर बांधलं. इथे नेमकं उलटं केलं. बाबांना सांगा, लोकांना जे खटकलं ते बोनेटच्या खाली नव्हतं, बोनेटच्या टोकाला होतं.

आणि सगळीकडे खटकलं असंही नाही. दक्षिण कोरिया आणि चीनमध्ये ती बऱ्यापैकी गेली. चीनमध्ये तर एक म्हण झाली होती, की रस्त्यावर मर्सिडीजला घाबरू नका, बोधचिन्हाखाली अक्षरं लिहिलेल्या फोक्सवॅगनला घाबरा. पसाट समजून कोणी तिला घासलं तर भरपाईचा आकडा ऐकून भोवळ यायची.

चाकणकर

मुक्ताताई, एसीचं पटलं. पण बोधचिन्ह हाही गाडीचा पार्टच झाला ना? गिऱ्हाइकाला पटवता आलं नाही म्हणजे बनवणाऱ्याचं काम अर्धं राहिलं. इंजिनिअरने जीव ओतला आणि विकणाऱ्यांनी घालवलं, असं म्हणून मला सुटका करून घेता येत नाही. आमच्या शॉपवर चांगला नग नाकारला जातो तेव्हा आम्ही आधी ड्रॉइंग बघतो, गिऱ्हाइकाला नाही बोलत.

हिशेबनीस काकांचा थोरल्या-धाकट्याचा मुद्दा मात्र मी धरला नव्हता. तो मान्य.

पोहेवाला_दादर

स्कोडाची सुपर्ब घे रे. २००८ नंतरची दुसरी पिढी. मागे एवढी जागा की आई पाय लांब करून बसेल, आणि दुरुस्ती कुठल्याही गावात. आईला बोनेटवर कोणाचं चिन्ह आहे याने काय फरक पडतो?

एल्बकाठ

सुपर्बही पाहिली, यादीत आहे. जागा मागे खरंच जास्त आहे. फक्त इथल्या दगडी फरशीच्या रस्त्यांवर आई सोबत बसल्याची कल्पना करून चालवली, तेव्हा फेटॉनचं एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे) फार वेगळं वाटलं.

दुसरं, थोडं मनातलं लिहितो. फेटॉन ज्या काचेच्या कारखान्यात जोडली जायची तो माझ्या घरापासून चार थांब्यांवर आहे, मोठ्या बागेच्या कडेला. आत मेपलच्या लाकडाची जमीन, माणसं पांढऱ्या कोटात. सुटे भाग ट्रकने न आणता मालवाहू ट्रामने गावातून आणायचे. २००२ च्या ऑगस्टमध्ये एल्ब नदीला महापूर आला, ऑपेरा हाउसमध्ये पाणी शिरलं, तेव्हा 'कारमेन' या ऑपेराचे प्रयोग या कारखान्यात झाले. शेजारच्या आजी तिथे जाऊन आल्या होत्या. त्या हे सांगतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात गाडीच्या खपाचा विषयही येत नाही. बाबांना तो कारखाना दाखवायचाच आहे. तिथे याच गाडीतून न्यावं असं वाटतं, हे कबूल करतो.

लाइपझिगचा_बाप्या

एल्बकाठ, मी तुझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा असेन, म्हणून अरे-तुरे करतो. खपाचा आकडा तुझ्या कामाचा आहेच, पण फ्लॉप की हिट ठरवायला नव्हे. हा प्रश्न अख्ख्या गाडीला न विचारता एकेका पार्टला विचारायचा.

इंजिन घे. हे तीन लिटरचं डिझेल ऑडीच्या ए-सिक्समध्ये, ए-एटमध्ये आणि फोक्सवॅगनच्या टुआरेगमध्येही आहे. म्हणजे इंजिन धो धो खपलेलं आहे. फिल्टर, इंजेक्टर, टर्बो, सगळं मिळेल आणि त्यावर हात बसलेला मेकॅनिकही मिळेल. आता हेडलाइट घे, दाराच्या काचा घे, आतली ट्रिम घे. ते बरंचसं फेटॉनचंच, आणि तिथे ८४ हजारांचा आकडा तुला चावतो. भंगारात गेलेल्या गाड्याच कमी, म्हणून जुने पार्टही कमी.

माझ्याकडे अशीच एक मोठी, कमी खपलेली सेडान होती. कंपनीचं नाव घेत नाही. महामार्गावर ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि डावा हेडलाइट फुटला. नवीन दिव्याची किंमत गाडीच्या तेव्हाच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याएवढी. जुना शोधायला अकरा आठवडे लागले. तोवर गाडी अंगणात, विमा आणि कर चालू, आणि मुलीला दवाखान्यात न्यायला मी शेजाऱ्यांची गाडी मागत होतो. त्या अकरा आठवड्यांत मला कळलं की जुनी गाडी घेताना खपाचा अर्थ काय.

दुसरी बाजूही सांगतो. लोकांनी पाठ फिरवली म्हणूनच ही गाडी साडेनऊ हजारांत तुझ्यासमोर उभी आहे. घसाऱ्याचा मोठा घास पहिल्या मालकाने गिळला.

आता बघायचं काय ते. शिक्षकांना विनंती कर की गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवा. संध्याकाळी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत पट्टीने मोज, लिहून ठेव. सकाळी इंजिन सुरू करायच्या आत परत मोज. एखादा कोपरा बोटभर जरी बसला असेल तर तिथला हवेचा फुगा गळतोय. गळक्या फुग्यापायी कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि तोही जळतो, मग खर्च दुप्पट.

थंड इंजिन सुरू करताना मागच्या बाजूने, गिअरबॉक्सच्या दिशेने खडखड येते का ऐक. या इंजिनाची टायमिंग चेन (इंजिनातल्या झडपांची वेळ सांभाळणारी साखळी) तिकडे आहे. तिला हात घालायचा तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. खडखड दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त राहिली तर तिथूनच नमस्कार करून निघ.

डिकीत दोन बॅटऱ्या आहेत, एक इंजिन सुरू करायला, दुसरी बाकी सगळ्याला. त्या कधी बदलल्या विचार. मरतुकड्या बॅटरीवर ही गाडी नाही नाही ते इशारे दाखवते आणि लोक घाबरून भलतेच पार्ट बदलत बसतात.

कर आधी धरून ठेव. २००८ च्या डिझेलला दर १०० सीसीमागे १५.४४ युरो, म्हणजे वर्षाला ४६३ च्या आसपास. ड्रेस्डेनला पर्यावरण झोन (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असलेला भाग) नाही, पण आमच्या लाइपझिगला आहे, तेव्हा काचेवर हिरवं स्टिकर असल्याची खात्री कर. ट्यूफची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची सक्तीची, तपासणी नवीन करून द्या म्हणावं. नऊ हजारांवर जाऊ नकोस, आणि उरलेल्या हजारात आणखी हजार घालून ते फक्त दुरुस्तीसाठी बाजूला ठेव. ते जमत नसेल तर पोहेवाल्यांची सुपर्ब घे, मनात किंतू न ठेवता.

याच गाडीत दहा सिलिंडरचं डिझेल किंवा बारा सिलिंडरचं पेट्रोल कोणी स्वस्तात देऊ केलं तर फोनही उचलू नकोस.

हिशेबनीस

बाप्यांच्या पार्टनिहाय खपाला पूर्ण अनुमोदन. सांगाड्याचा जो हिशेब मी कंपनीच्या वहीत मांडत होतो, तोच यांनी वापरणाऱ्याच्या बाजूने मांडला.

एल्बकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना अख्खा धागा वाचून दाखवला. चाकणकरांच्या डायच्या मुद्द्याला "बरोब्बर" म्हणाले. बोनेटच्या टोकावर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आमच्या लाइनवरूनही एक गाडी अशीच गेली होती. आम्ही शेवटचा नग हार घालून बाहेर काढला." हे त्यांनी याआधी कधी सांगितलं नव्हतं. घ्यायला हो अजून म्हणालेले नाहीत. चेनला किती खर्च येईल ते मात्र दोनदा विचारलं, मी उद्या इथल्या दोन गॅरेजांत विचारून येतो.

शिक्षकांशी बोललो. शुक्रवारी संध्याकाळी गाडी त्यांच्या दारात सपाट फरशीवर लावून ठेवतील, शनिवारी सकाळी मी जाईपर्यंत किल्ली लावणार नाहीत. बाबांनी बजावलंय, दोन्ही वेळा मोजताना व्हिडिओ कॉल लाव आणि पट्टी कॅमेऱ्यासमोर धर.