ईयोब वाचतेय, पंधराव्या अध्यायाला अडकले. पुढे कसं वाचू?

नमस्कार मंडळी. चार महिन्यांपूर्वी माझा धाकटा भाऊ गेला. भेटायला येणारे "देवाच्या मनात होतं" म्हणतात. एकजण तर "घराण्याचं काही राहिलं असेल" असंही बोलून गेले. म्हणून बायबलमधलं ईयोबचं पुस्तक हातात घेतलं, सगळी मुलं गमावलेल्या सज्जन माणसाचं. तो जन्मदिवसाला शाप देतो तिथवर एका बैठकीत वाचलं आणि खूप रडले. पुढे सांत्वनाला आलेल्या त्याच्या मित्रांची भाषणं संपता संपेनात. शेवटी देव बोलतो आणि ईयोब नमतो, एवढं ऐकलंय. म्हणजे त्यालाही गप्पच बसवतात का? तसं असेल तर आत्ता मला ते सोसणार नाही. काय वाचू, काय सोडू?

प्रतिसाद १
ताई, सोडू नका, पण ओळीने वाचायचा हट्टही नको. ते तिघे मित्र आधी सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते. तेवढं त्यांनी फार चांगलं केलं. तोंड उघडलं आणि बिघडलं. तुमच्याकडे आलेले गृहस्थ तेच बोलले: तुमचंच काहीतरी चुकलं असणार. आता अध्याय १९ आणि ३१ वाचा आणि थेट ३८ वर जा. अलीहू हा आणखी एक जण मध्येच बोलायला लागतो, त्याचे ३२ ते ३७ नंतर कधीतरी.

३८ मोठ्याने वाचा. वावटळीतून देव बोलतो, आणि ईयोबच्या मेलेल्या मुलांबद्दल अवाक्षर काढत नाही. पहिल्यांदा मला याचा राग आला होता. मग समुद्राचा भाग आला. समुद्र गर्भातून उसळून बाहेर येतो आणि देव त्याला दाट काळोखाचं बाळोतं गुंडाळतो. एवढा अफाट समुद्र, आणि त्याला बाळोतं! पुढे पाऊस पडतो, तोही जिथे माणूसच राहत नाही त्या ओसाड रानावर. मग कृत्तिका, भुकेली कावळ्यांची पिल्लं, रानबकरीचं विणं, वाळूत अंडी टाकून जाणारं शहामृग. यातलं काहीच आपल्यासाठी चाललेलं नाही. माझी आई गेली त्या वर्षी मला याच पानांनी आधार दिला. दुःख तेवढंच राहिलं, पण त्याच्या भोवतीची जागा मोठी झाली.

प्रतिसाद २
आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस म्हणजे तिशा बआव, त्याच्या उपासाला आमची जुनी माणसं बिरड्याचा रोजा म्हणायची. तोरा, म्हणजे आमचं धर्मशास्त्र, अभ्यासून आनंद होतो, म्हणून त्या शोकाच्या दिवशी एरवीसारखा तिचा अभ्यास करत नाहीत. पण ईयोब आणि विलापगीत वाचायला मुभा असते. तेव्हा शोकात हे पुस्तक हाती येणं आमच्याकडे जुनंच आहे.

तुमच्या भीतीबद्दल. ४२:६ मध्ये (अध्याय ४२, वचन ६) "धूळ आणि राख" म्हणताना ईयोब जे क्रियापद वापरतो, त्याच्या हिब्रू धातूचा अर्थ पश्चात्ताप होणे असा आहे, तसाच सांत्वन होणे असाही. मित्र त्याचं सांत्वन करायला निघाले तेव्हा, २:११ मध्ये, हाच धातू आलाय. आणि लगेच पुढच्याच वचनात देव त्या मित्रांवर संतापतो: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. ज्याने आरडाओरडा केला, देवाला जाब विचारला, तोच बरोबर ठरला.

जोडीला उत्पत्ती १८ वाचा. देव नाश करायला निघालेल्या सदोम शहरासाठी अब्राहाम देवापुढे उभा राहतो, मी तर धूळ आणि राख म्हणतो, आणि तरी किती नीतिमान सापडले तर शहर वाचेल, ही घासाघीस पन्नासावरून दहावर येईपर्यंत सोडत नाही. इतकं नम्र आणि इतकं चिवट माणूस मला दुसरीकडे भेटलं नाही. मन थोडं निवलं की स्तोत्र १०४ घ्या. ८ वं छोटं आहे, ते झोपताना.

धागा सुरू करणारी
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री आईला ३८ वाचून दाखवला. बाळोत्यापाशी तिने मला थांबवलं आणि म्हणाली, परत वाच. आज ३९ वाचणार आहोत.