शोपँचे ई मेजर प्रेल्यूड : कोणती छापील प्रत घ्यावी?

मळेकर, पणजी : माझी मुलगी पियानोवर शोपँच्या ओपस 28 या संग्रहातील नववे प्रेल्यूड (छोटी स्वतंत्र रचना) बसवत आहे. रचना अवघ्या 12 बारांची (मात्रांच्या गटांची) आहे. पण डॉटेड क्वेव्हरमागून (टिंब दिलेल्या पाऊण मात्रेच्या स्वरामागून) येणारे सेमिक्वेव्हर (पाव मात्रेचा स्वर) आमच्या जुन्या पुस्तकात ट्रिप्लेटच्या (एका मात्रेतील तीन समान स्वरांच्या) तिसऱ्या स्वरानंतर छापले आहे, तर वॉर्सातील राष्ट्रीय ग्रंथालयाच्या हस्तलिखितात ते त्या तिसऱ्या स्वराच्या सरळ रेषेत, म्हणजे एकत्र वाजवावे असे, आहे. हजार रुपयांच्या आत कोणती प्रत घ्यावी?

म्हापसेकर : जर्मन प्रकाशक हेन्लेचीच घ्यावी. मी तिला हजाराहून बरेच जास्त मोजले आणि पहिल्याच पावसाळ्यात पानांवर बुरशी चढली, तरीही माझे मत बदललेले नाही.

फोंड्याचा तबलजी : हा चतुश्र-तिश्राचा, म्हणजे मात्रेचे चार भाग की तीन, असा प्रश्न आहे. सेमिक्वेव्हर पाऊण मात्रेवर पडते, ट्रिप्लेटचा तिसरा स्वर दोन तृतीयांशावर. अंतर मात्रेच्या बाराव्या हिश्श्याचे. मात्रा एका सेकंदाची धरली तर हे सुमारे 83 मिलिसेकंद होतात, आणि लार्गोसारख्या विलंबित लयीत ते कोणाच्याही कानाला कळतात.

मडगावकर : कळतात म्हणूनच छापल्याप्रमाणे वेगळे वाजवावेत. बेथोवनच्या मूनलाइट सोनाटा या पियानो-रचनेच्या पहिल्या भागात सेमिक्वेव्हर ट्रिप्लेटनंतरच येते, असे खुद्द त्याचा शिष्य चेर्नी सांगून गेला आहे. बाकी हेन्ले उत्तमच आहे.

जुनी वही : बेथोवनचा दाखला शोपँला लावू नये. याच हस्तलिखितात जिथे आधीच्या स्वराला दोन टिंबे देऊन डेमीसेमिक्वेव्हर (सेमिक्वेव्हरच्या निम्म्या लांबीचा स्वर) लिहिले आहे, तिथे ते ट्रिप्लेटच्या तिसऱ्या स्वरानंतर, स्वतंत्र जागी आहे. दोन्ही प्रकार हाताने इतके वेगळे मांडणाऱ्या माणसाकडून पहिली रेष चुकून जुळली असेल, हे मला पटत नाही. प्रत कोणतीही घ्या, मात्र शेवटच्या संपादकीय टिपा आधी वाचा.

म्हापसेकर : टिपा हेन्लेतही आहेत, आणि बुरशी टिपांच्या पानांना लागलेली नाही.

मळेकर, पणजी : सर्वांचे आभार. काहीच विकत घेतले नाही. हस्तलिखिताच्या स्कॅनचे छापील पान काढून स्टँडवर लावले आहे आणि जुन्या पुस्तकात जुळणाऱ्या स्वरांखाली पेन्सिलीने उभ्या रेषा ओढल्या आहेत. पियानोच्या बाईंनी आठव्या बारातील एक रेष खोडायला लावली. तिथे दोन टिंबे होती.