मदत हवी आहे: गच्चीवरच्या लोखंडी खोलीत पत्र्याला घाम सुटू नये म्हणून काय करावं?

खानापुरात गच्चीवर १२ बाय १५ फुटांची राहती खोली करायची आहे. चौकोनी पाइपचे खांब, ०.५० मिमी रंगीत पत्रा, उतार १० अंश. बेसप्लेट (खांबाच्या बुडाची लोखंडी पट्टी) इमारतीच्या खालच्या कॉलमवरच बसवणार. नुसत्या स्लॅबला भोकं पाडली की तिथूनच गळती सुरू होते.

खरी काळजी घामाची. पावसाळ्यात आतली दमट हवा गार पत्र्याला लागते, पाणी सुटतं आणि स्क्रूच्या टोकावरून थेंब थेंब खाली गादीवर. ५० मिमीचं पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) घ्यावं, की पत्र्याखाली ग्लासवूल (काचतंतूंची लोकर) आणि जिप्सम सीलिंग? ग्लासवूल भिजलं की निकामी, म्हणून मन पॅनेलकडे झुकतं. पण पॅनेलच्या सांध्यांना ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) पुरते का? आपल्या भागात तीन-चार पावसाळे काढलेली अशी खोली कुणाकडे असेल, तर सांध्यांचा जवळून फोटो टाका, प्लीज.